गणपतीपर्यंतची मुदत

पोटच्या मुलासाठी सासूशी घासाघीस करणारी मी एकटीच नसेन, पण माझ्याइतकी चोख घासाघीस कुणी केली नसेल. सासूबाई म्हणाल्या, "पंधरा दिवस ने. नाही रमला तर आणून सोड." मी म्हटलं, "दिवाळीपर्यंत." त्या म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत पोराचा सापळा होईल तिकडे." मी उठले, पदर खोचला, पर्स उचलली आणि गिरगावच्या त्या घराच्या दाराला हात घातला. तेव्हा मागून आवाज आला, "बरं, बस. गणपतीपर्यंत."

म्हणजे नागपंचमीपासून गणपतीपर्यंत. तेवढ्या दिवसांत मुलगा माझ्याकडे रमला, नीट जेवायला लागला, रडायचा थांबला, तर तो मीरा रोडला स्वतःच्या घरी राहणार. नाही रमला, तर गणपतीची आरती झाल्यावर तो गिरगावातच थांबणार, माझ्या मोठ्या जावेपाशी, शाळेत जायच्या वयाचा होईपर्यंत. अडीच वर्षांचा होता तो तेव्हा.

तो तिथे गेला कसा हे सांगायला हवं, कारण आमच्या नात्यात आजही ही गोष्ट उलटी सांगितली जाते. मी गाळ्यासाठी मुलाला टाकलं, असं. गाळा माझा होता, खरं आहे. मीरा रोडच्या पूनम सागर वसाहतीच्या बाजूला, रस्त्याला लागून, गाऊन आणि परकरांचा. लग्नानंतर मी मंगळदास मार्केटातून ताग्याचे उरलेले तुकडे उचलून आणायचे, काशीगावातल्या दोन बायकांकडून गाऊन शिवून घ्यायचे आणि बिल्डिंगीत दारोदार विकायचे. त्यातून गाळा उभा राहिला. घराचे हप्तेही त्यातून निम्मे गेले. गिरगावातून मीरा रोडला जायचं म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या होत्या, "तिकडे कोल्हे हिंडतात." कोल्हे नव्हते, पण पाणी नव्हतं. टँकरचं पाणी प्यायचो आणि त्याच पाण्याने मला कावीळ झाली. मुलगा आठ महिन्यांचा होता. मी डोळे उघडायच्या अवस्थेत नव्हते, तेव्हा जाऊबाई आल्या आणि त्याला घेऊन गेल्या. नवऱ्याने त्याला त्यांच्या हातात दिला. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, हा मुद्दा वेगळा.

बरी झाल्यावर आणायला गेले तर सासूबाई म्हणाल्या, अजून अशक्त आहेस. मग म्हणाल्या, त्याचे दात येताहेत, आत्ता हवापालट नको. मग पावसाळा जाऊ दे. मग गाळ्यात त्याला कुठे झोपवणार, कपड्यांच्या गठ्ठ्यावर? प्रत्येक वेळी कारण बरोबरच असायचं, म्हणून तर मला चीड यायची. चोर निदान पळून जातो. इथे मला चहा मिळायचा, चहाबरोबर खारी मिळायची आणि निघताना माझा मुलगा जाऊबाईंच्या कडेवरून मला हात हलवायचा.

जाऊबाईंच्या दोन मुली मोठ्या. त्या आपल्या आईला आई म्हणायच्या आणि मला काकू. हाही तेच शिकला. जाऊबाई आई, मी काकू. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा घरभर हसले सगळे. "अय्या, बघा कसा म्हणतोय!" जाऊबाई त्याचा गाल ओढून म्हणायच्या, "काकू नाही रे वेड्या, ही तुझी आई." सगळ्यांसमोर म्हणायच्या. दर वेळी म्हणायच्या. त्यामुळे मला बोलायला जागाच राहायची नाही.

तर गणपतीपर्यंतची मुदत घेऊन मी त्याला मीरा रोडला आणला.

पहिल्या दिवशी तो दाराशी बसून राहिला. त्याच्यापाशी एक छोटी कापडी पिशवी होती, जाऊबाईंच्या जुन्या साडीची शिवलेली, आत काही नाही. ती छातीशी धरून बसायचा, झोपायचाही तिच्यावर गाल ठेवून. वरण-भात दिला की तोंड फिरवायचा. गाळ्यात नेला तर गिऱ्हाइकांच्या पायांमधून बाहेर पडायला बघायचा. मी दुपारचा गाळा बंद ठेवायला लागले. धंद्यात दुपार बंद म्हणजे काय, ते धंदा करणाऱ्यालाच कळेल. नवरा ऑफिसातून यायचा आणि विचारायचा, "आज कसा होता?" जणू काही हवामान विचारतोय.

बाजारात नेणं तर अशक्यच. भाईंदरच्या बाजारात मी वर्षानुवर्षं भाजी घेतेय, तिथे माझा आवाज सगळ्यांना ठाऊक. भाजीवाला मला बघून आधीच भाव चढवून ठेवायचा, म्हणजे मी उतरवल्यावर त्याला परवडेल. असा आमचा समजुतीचा खेळ. पण मी आवाज चढवला की मुलगा दोन्ही कान झाकून किंचाळायचा. त्याला वाटायचं मी त्यालाच ओरडतेय. एकदा कोथिंबिरीच्या जुडीवरून माझी जुंपलेली असताना तो चिखलात आडवा झाला. भाजीवाला म्हणाला, "ले जाओ भाभी, फ्री में ले जाओ, पहले बच्चे को उठाओ." आयुष्यात फुकट मिळालेली ती एकच जुडी. घशाखाली उतरली नाही.

त्याच सुमाराला आमच्याकडे पहिलं सुपरमार्केट उघडलं. काचेचं दार, आत गारवा, गोड वासाची फरशी. शेजारची गुजराती भाभी म्हणाली, "उधर ले जाओ उसको. ए.सी. में बच्चा लोग एकदम चुप रहता है. मेरा पोता तो सो जाता है." मी आयुष्यात अशा दुकानात पाऊल टाकलं नसतं. प्रत्येक वस्तूवर भावाची चिठ्ठी चिकटवलेली. ज्याच्याशी भांडावं असा माणूसच नाही. पहिल्या दिवशी मी काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, "तीन साबण घेतेय, काहीतरी कमी कर." तिने मशीनकडे बोट दाखवलं, जणू मशीन माझं ऐकून घेईल. मागच्या रांगेतली माणसं हसली. मी पैसे टाकले आणि ठरवलं, इथे पुन्हा यायचं नाही.

पण तो आत शांत होता. चाकांच्या गाडीत बसला होता आणि वर दिव्यांकडे बघत होता. कुणी ओरडत नव्हतं, मीसुद्धा नाही. म्हणून पुन्हा गेले. पुन्हा गेले तेव्हा त्याने गाडीतून वाकून बिस्किटांचा एक पुडा उचलला आणि माझ्या हातात दिला. स्वतःहून. माझ्या हातात. संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं, जेवताना परत सांगितलं. तो म्हणाला, "हो, मघाशी सांगितलंस."

तेव्हापासून मला वाटायला लागलं, जमेल.

गणपती आठवड्यावर आले होते, तेव्हाची गोष्ट. रविवार होता. नवरा ऑफिसातल्या कुणाच्या तरी बाळाच्या बारशाला कल्याणला गेला होता. मी ठरवलं होतं, गिरगावात जाताना भरल्या हाताने जायचं. साजूक तूप, काजू, चांगला बासमती, आणि मुलगा नव्या झब्ब्यात. त्याने सगळ्यांसमोर पुडा माझ्या हातात द्यावा, एवढंच मला हवं होतं. भाभीकडे त्याला ठेवून जाता आलं असतं, पण पर्युषण चालू होतं, ती सकाळपासून देरासरात, त्यांच्या देवळात. आमची जवळजवळ सगळी बिल्डिंगच देरासरात होती.

सुपरमार्केटच्या दाराशी नवा वॉचमन उभा होता. पिशव्या बाहेर ठेवायच्या आणि बिल्ला घ्यायचा, हा तिथला नियम. माझी पिशवी दिली. त्याने मुलाकडे बोट दाखवलं.

"वो भी."

"अरे, बच्चे की है. खाली है. देखो ना."

"रूल है मॅडम. अंदर कोई थैली अलाऊड नहीं."

"इसमें क्या चोरी करेगा वो? दो दाना शाबूदाना?"

"मेरी नौकरी जाएगी."

मी बरंच बोलले. मागे रांग लागली. त्याने मुलाच्या हातातून पिशवी काढली, म्हणजे ओढली असं म्हणता येणार नाही, अगदी हळूच काढली, आणि लाकडी खणात ठेवून दिली. मुलगा त्या खणाकडे बघत राहिला. मी त्याला उचलून आत नेलं.

गाडीत बसेना. पाय ताठ करून अंग मागे टाकायला लागला. चालत नेलं तर दर दोन ढांगांना खाली बसायचा. तुपाच्या डब्यांपर्यंत कशीतरी पोचले. तिथून डाळींच्या रांगेत आलो आणि त्याने अंग जमिनीवर टाकलं. "पिशवी दे, पिशवी दे." मी बसून समजावलं. बिस्किटांचा पुडा आणून दिला, त्याने फेकला. चॉकलेट आणलं, तेही फेकलं. "पिशवी घेऊ बाहेर गेल्यावर, अरे बाळा, आईचं ऐक ना." आई म्हटल्यावर त्याने दाराकडे पाहिलं आणि आणखी जोराने रडायला लागला.

बायका गाड्या वळवून दुसऱ्या रांगेने जायला लागल्या. त्यांच्या तोंडावर जे असतं ते मला माहीत आहे. मीही दुसऱ्यांच्या पोरांकडे तसंच बघते.

मग मी तेच केलं जे प्रत्येक आई करते. उभी राहिले आणि म्हटलं, "बस मग इथेच. मी चालले." आणि पाठ फिरवून चालायला लागले. मला आजही त्यात काही चूक दिसत नाही. माझा सगळा धंदा त्यावर उभा आहे. मंगळदास मार्केटात असो की भाईंदरच्या बाजारात, पाठ फिरवायची आणि मागे वळून न बघता चालायचं, दोन-चार पावलांत हाक येते. ज्याला तुमची गरज आहे तो हाक मारतोच. सासूबाईंनी मारली होती.

रांगेच्या टोकाला वळले आणि साबणाच्या मागे उभी राहिले. कान देऊन. रडणं थांबलं. मला वाटलं, आता येईल, पावलं वाजतील. कपडे धुवायच्या पावडरच्या पाकिटांमधून एक फट होती, तिच्यातून पाहिलं. तो उठून बसला होता. मनगटाने नाक पुसलं. इकडे-तिकडे बघितलं, पण मला शोधत नव्हता. मी गेले त्या बाजूला त्याने मानसुद्धा वळवली नाही. उठला आणि सरळ दाराच्या दिशेने चालायला लागला, पिशवीच्या खणाकडे. एवढ्या दिवसांत इतका शांत मी त्याला पाहिला नव्हता. मी गेले म्हणून तो शांत झाला होता.

माझे पाय तिथेच राहिले. किती वेळ ते माहीत नाही. मी धावले तोवर दाराशी एका बाईने त्याला धरलं होतं. चांगली, सुखवस्तू, चष्मेवाली मराठी बाई.

"कुठे चाललास बाळ? तुझी आई कुठाय?"

"आई गिरगावात," तो म्हणाला. अगदी स्वच्छ म्हणाला.

"गिरगावात? मग इथे कुणाबरोबर आलास?"

मी पोचले. "माझा आहे. द्या इकडे." मी हात पुढे केला तसा तो त्या बाईच्या साडीमागे गेला.

वॉचमनने त्याला विचारलं, "बेटा, ये कौन है?"

"काकू."

त्या दिवसांत आमच्याकडे पोरं पळवणाऱ्या बायकांच्या वावड्या उठल्या होत्या. कुणी म्हणे वरसाव्याच्या पुलाखाली एक पोर सापडलं, कुणी म्हणे रिक्षातून नेलं. खरं-खोटं देव जाणे, पण प्रत्येकीच्या डोक्यात ते होतं. चष्मेवालीने मुलाला उचलूनच घेतलं आणि दोन पावलं मागे सरकली. "तुम्ही आई आहात ना? मग तो काकू का म्हणतोय?"

"कारण त्याला तसं शिकवलंय!"

"कुणी?"

आता दुकानाच्या दाराशी उभं राहून मी हिला घरचं काय काय सांगणार होते? मी ओरडले. माझं पोर माझ्या हातात द्या म्हणून ओरडले. मुलाने दोन्ही कान झाकले आणि किंचाळायला लागला. ते बघून जे कुणी अजून माझ्या बाजूचे असतील तेही फिरले. नवरा नंतर म्हणाला, तू शांतपणे सांगायला हवं होतंस. त्याने एकदा तिथे उभं राहून शांतपणे सांगून दाखवावं.

काउंटरमागून मॅनेजर आला. टाय लावलेला, वयाने माझ्या धाकट्या भावाएवढा. "मॅडम, चिल्लाइए मत. कोई प्रूफ है?"

"प्रूफ? बच्चे का प्रूफ लेके कौन घूमता है? तेरी माँ घूमती थी क्या?"

"देखिए, गाली मत दीजिए."

"गाली कहाँ दी मैंने? सवाल पूछा."

तेलाचा डबा घेऊन रांगेत उभी असलेली एक कोळीण, भाईंदरच्या बाजूची असावी, मघापासून आमच्याकडे बघत होती. ती मोठ्याने म्हणाली, "आगो, नाक बगा ना पोराचा. याची आयस हीच हाय. न् राग तरी बगा, दोगांचा येकच हाय." दोघं-तिघं हसले. मॅनेजरला काही कळलं नाही. चष्मेवाली म्हणाली, "असं नाकावरून नसतं हो ठरवता येत." कोळीण म्हणाली, "मंग कशावरशी ठरवतंस? रेशनकार्डावरशी?" आणि डबा उचलून बिलाला निघून गेली. माझ्या बाजूने तेवढंच कुणीतरी बोललं.

मी मॅनेजरला म्हटलं, माझा गाळा इथेच आहे, चल, सगळा बाजार मला ओळखतो. तो म्हणाला, मी दुकान सोडू शकत नाही. म्हटलं, माणूस पाठव. वॉचमन जाऊन आला. माझ्या शेजारचा स्टेशनरीवाला पर्युषणामुळे बंद, पलीकडचा रविवार म्हणून बंद. आमच्या बिल्डिंगीत फोन फक्त भाभीकडे, आणि ती देरासरात. नवरा कल्याणला, कुणाच्या घरी ते मला माहीतसुद्धा नव्हतं.

"किसी का फोन नंबर दीजिए जो बच्चे को पहचानता हो," मॅनेजर म्हणाला. "नहीं तो मुझे पुलिस को बोलना पड़ेगा. मेरी भी मजबूरी है."

मला एकच नंबर पाठ होता.

त्याच्या टेबलावरच्या फोनला छोटं कुलूप होतं. ते त्याने उघडलं. मी आकडे फिरवले. जाऊबाईंनीच उचलला.

"ताई, मी बोलतेय. इथे एक माणूस आहे, त्याला सांगा की हा माझा मुलगा आहे."

"अगं, काय झालं?"

"आधी सांगा. मग विचारा."

"पोर बरं आहे ना? कुठे आहात तुम्ही? रडतोय का तो? मला त्याचा आवाज येतोय."

"ताई, सांगा हो त्याला!"

मी फोन मॅनेजरला दिला. तो हां जी, हां जी करत राहिला. "अच्छा, आपके देवर का. अच्छा जी. नहीं नहीं, कोई बात नहीं, बच्चा ठीक है." मग त्याने फोन मुलाच्या कानाला लावला, त्यांनीच सांगितलं असणार. चष्मेवालीने त्याला टेबलावर बसवलं. मुलाने दोन्ही हातांनी फोन धरला. रडणं गिळलं. ऐकत राहिला. आणि हसला. गालावर पाणी आणि हसला. "हो," म्हणाला. "हो. पिशवी दिली नाय. हो."

मी त्याच्या अगदी जवळ उभी होते. फोनमधून जाऊबाईंचा आवाज बाहेर येत होता. त्या म्हणत होत्या, "रडायचं नाही हं सोन्या. काकूजवळ जायचं. काकूचं ऐकायचं. आई येतेय हं तुला न्यायला."

हे मी ऐकलं. चारचौघांत दर वेळी 'काकू नाही रे, ही तुझी आई' म्हणणारी बाई, ऐकायला कुणी नसताना काय म्हणते ते मी या कानांनी ऐकलं.

मुलाने फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे दोन्ही हात पसरले. त्याला सांगितलं होतं म्हणून. मी उचलून घेतला. चष्मेवाली म्हणाली, "सॉरी हं, पण आजकाल कुणाचं काय सांगता येतं." मॅनेजरने पाणी मागवलं. मी गाडीत टाकलेलं तूप आणि काजू तसेच बिलाला नेले, छापल्या भावाने घेतले, बाहेर बिल्ला देऊन पिशव्या सोडवल्या. मुलाने आपली पिशवी छातीशी धरली आणि रिक्षात माझ्या मांडीवर गप्प बसून राहिला. रस्त्यात म्हैस दिसली तेव्हा बोट करून दाखवली. कुणीही बघितलं असतं तर म्हटलं असतं, काय गुणी पोर आहे.

दुपार टळली तशी जाऊबाई आल्या, सासूबाईंना घेऊन. मुलगा धावत गेला आणि त्यांच्या गुडघ्यांना मिठी मारली. सासूबाई पंख्याखाली बसल्या, पाणी प्यायल्या. घर बघितलं. ताटात तसाच पडलेला भात बघितला.

मी म्हटलं, "गणपतीला अजून अवकाश आहे."

"आहे ना," त्या म्हणाल्या. "तोवर आणखी काय काय व्हायची वाट बघू या?"

"त्यात माझी काय चूक? वॉचमनने पिशवी काढून घेतली म्हणून—"

"तुझी चूक आहे असं कोण म्हणतंय?"

"ताईंनी फोनवर त्याला काय सांगितलं ते विचारा आधी. काकूजवळ जा म्हणाल्या. मी ऐकलंय. मला काकू, आणि स्वतःला आई!"

जाऊबाईंचे डोळे भरून आले. "पोर घाबरलं होतं गं. त्याला जे कळतं ते म्हटलं. त्या वेळी काय त्याला नाती शिकवत बसू?"

एवढ्यात नवरा आला, हातात बारशाचा पेढ्यांचा पुडा. सगळं ऐकून घेतलं. मी त्याच्याकडे बघत होते. मला वाटलं, निदान एवढ्यावर तरी हा बोलेल. तो म्हणाला, "वहिनींचंही बरोबर आहे. पोराला कळेल असंच बोलणार ना." आणि थोड्या वेळाने, "जाऊ दे थोडे दिवस."

"थोडे म्हणजे किती?" मी विचारलं.

मी दिवाळी म्हटलं. मग दर रविवारी इकडे आणायचा, असं म्हटलं. मग महिन्यातून दोन रविवार म्हटलं. समोरून कुणी काही बोलायलाच तयार नव्हतं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "तू ये की भेटायला. घर तुझंच आहे."

त्याला पहिलीत घालायच्या वेळी तो परत आला. तोवर त्याला सगळं कळायला लागलं होतं, मला आई म्हणायला लागला, जाऊबाईंना मोठी आई. आता मोठा आहे, नोकरी करतो, माझ्याशी नीट वागतो. पाहुण्याशी वागावं इतकं नीट. त्याला त्या रविवारचं काही आठवत नाही. एकदा सांगायला गेले तर म्हणाला, "आई, किती वर्षं झाली त्याला, सोड ना." जाऊबाई थकल्यात, आजारी असतात, तो दर शनिवारी जातो बघायला. मला त्यांच्याविषयी वाईट बोलायची चोरी झाली आहे. पण मी जे ऐकलं ते ऐकलं.

त्या दिवशी ते निघेपर्यंत मुलगा जाऊबाईंच्या खांद्यावर झोपला होता. मी त्याचे कपडे पिशवीत भरायला घेतले तर त्या म्हणाल्या, "राहू दे गं, तिकडे आहेत सगळे." सासूबाई जिना उतरायला लागल्या. नवरा रिक्षा बघायला आधीच खाली गेला होता. मुलाचे पाय उघडे लोंबत होते. मी सँडल घेऊन मागे गेले. रोज सकाळी सँडल घालताना तो लाथा झाडायचा, एकदा माझा ओठ फुटला होता. आता मी त्याचा पाय हातात घेतला तर तो मऊ, ऊबदार, जसा धरला तसा राहिला. बोटं सरळ केली, पट्टा ओढला, बक्कल लावलं. मग दुसरा पाय. तोही त्याने झाडला नाही.

"झालं का गं?" जाऊबाईंनी मान न वळवता हळूच विचारलं, तो जागा होऊ नये म्हणून.

"झालं," मी म्हटलं. पट्टा जरा घट्ट बसला होता, तो सोडून एका भोकाने सैल केला, आणि मग त्यांना जाऊ दिलं.